खंडेनवमीला पुसलेली बटनं

धर्मराजचा मला अजून राग येतो. मेल्या माणसावर राग धरू न्हाई म्हणतात, पण म्हणणाऱ्याचं काय जातंय. जाफराबादचा गणपतीतला कार्यक्रम उरकला, तर पठ्ठ्यानं गिटार टेम्पोत गादीवर झोपवली, वरून चादर टाकली, अन् सोता फटफटीवर घरी निघाला. रस्त्यात बिगर लाइटीची ट्रॉली उभी होती. गिटारीला साधा ओरखडा न्हाई.

मी कल्याण. आमच्या ऑर्केस्ट्रात मी की-बोर्ड वाजवतो. धर्मराज गिटार वाजवायचा. जालन्याची पोरं पायाखाली आवाज बदलायचे रंगीबेरंगी डबे मांडून बसतात, तरी ह्याच्या गिटारीला जो जुन्या रेकॉर्डातला आवाज होता, जरासा भाजलेला, जरासा गोड, तो एकालाही जमला न्हाई. ह्याच्याकडं डबा बिबा काही नव्हता. परतूरच्या भंगारातून आणलेला, कोण्या टुरिंग टॉकीजचा वाल्वचा, म्हंजे आत काचेच्या नळ्या पेटणारा, जुना अँप्लिफायर तेवढा होता. माइकच्या भोकात गिटारीची पिन खुपसायची अन् बटनं फिरवायची, बास.

"वाल्वला सोसवंल त्याच्याहून जास्त दिलं की तो कण्हतो, कल्याण," असं म्हणायचा. "ते कण्हणंच लोकाला गोड लागतं."

कोणतं बटन कुठं ठिवतो ते मात्र कधी सांगितलं न्हाई. चावट होता. विचारलं की म्हणायचा, "आईला विचार."

सगुणामावशी, म्हंजे त्याची आई, तिला त्यातलं काय कळतंय! परतूरला दोन खोल्यांचं घर. कचरूआण्णा, त्याचे वडील, कापसाच्या जिनिंगवर रातपाळीचे वॉचमन, त्यामुळं दिवसा झोपणार. अन् हा दिवसाच वाजवणार. मावशी चुलीपासून वरडायची, आतून आण्णा पत्र्यावर हात आपटायचे अन् शिव्या द्यायचे. एकदा तर म्हणाले, "वाजव, माझ्या मड्यावर वाजव." ते वाक्य आता त्या घरात कोणी काढत न्हाई.

तो गेल्यावर आम्ही टेम्पोतून गिटार अन् अँप्लिफायर घरी आणून दिला, तो बाहेरच्या खोलीत स्टुलावर तसाच होता. बटनं त्यानं ठिवली तशी. मंग खंडेनवमी आली. पोरगं गेलेलं, वर्षभर सण धरायचा न्हाई म्हणून मावशीनं पूजा केली न्हाई, हळदकुंकू न्हाई, फूल न्हाई. पण हत्यारावर धूळ ठिवू न्हाई, एवढं तिला ठाऊक. ओल्या फडक्यानं तिनं एकेक बटन फिरवून, खालचा मळ काढून, लखलखीत पुसलं. अन् नीट दिसावं म्हणून सगळ्यांची तोंडं एका रेघेत आणून ठिवली.

ती बटनं त्याच्या हातची लावलेली होती, हे चार दिवसांनी तिच्या ध्यानात आलं. तिनं मला फोन केला, तर आधी नुसती रडायचीच.

"कल्याण, ट्रॉलीनं पोरगं नेलं, अन् त्याचा आवाज मी पुसला रे."

"मावशी, वेडी झालीस का?" मी खेकसलो. मला रडू आलं की मी खेकसतो.

"तेवढा लावून दे. मला गाणं नको. तसा आवाज पायजे."

मी मोबाइलवरचे व्हिडिओ ऐकवून पाह्यले. ती म्हणाली, ह्यो त्याचा न्हाई, ह्यो मोबाइलचा आवाज हाय. बराबरच होतं. मोबाइलमधी ते पत्र्यावर वाळू ओतल्यासारखं वाजत होतं.

मंग कार्यक्रम नसला की मी परतूरला जायला लागलो. गिटार मला येते ती चार कॉर्डपुरती. स्टेजवर करतो तसं शेवटचं मोठं बटन, म्हंजे बाहेर किती आवाज सोडायचा ते, वर अन् माइकच्या भोकाचं पहिलं बटन, म्हंजे वाल्वला किती द्यायचं ते, बेताचं ठिवून वाजवायचो. आवाज दणदणीत यायचा, पण कोरडा. जाड-बारीकची बटनं इकडून तिकडं फिरवली. दर वेळेला मावशी पदर तोंडाला लावून ऐकायची अन् मान हलवायची. न्हाई. आतल्या खोलीत आण्णा बाजेवर पडलेले असायचे. ड्युटीवर जायचे, यायचे, पडायचे, पण झोप काही येत नव्हती त्यांना. मला त्या अँप्लिफायरला लाथ घालावी वाटायची. धर्मराजला तर जास्तच.

एका रविवारी दुपारी गेलो तर मावशीनं तोंडावर बोट ठिवलं.

"आण्णाचा डोळा लागला वाटतं. हळू वाजव, बाबा." अन् ती भाकरी थापायला आत गेली.

मी शेवटचं बटन पार खाली आणलं. आता गिटार मलाच ऐकू येईना. म्हणून पहिलं बटन जरा वर केलं. आणखी जरा. मंग शेवटपर्यंतच फिरवलं अन् हलकाच एक कॉर्ड मारला.

वाल्व कण्हला.

आवाज घराच्या बाहेर जाईल एवढाही नव्हता. पण भाजलेला, गोड, तोच. तेव्हा कुठं मला कळलं. आईला विचार म्हणायचा तो काही चावटपणा नव्हता. बाप झोपलेला, आई वरडणार, म्हणून ह्यानं शेवटचं बटन पार खाली ठिवलं अन् सगळा जीव पहिल्या बटनात घातला. पुढं स्टेजवरही तसंच ठिवून अँप्लिफायरसमोर माइक लावत होता, अन् आम्ही येडे त्याला कारागिरी समजत होतो.

मी दुसरा कॉर्ड मारला, तिसरा मारला. चुलीपासून भाकरीचा थापथाप आवाज येत होता. त्यातूनच मावशी वरडली, रोजच्यासारखी, जराशी वैतागून.

"धर्म्या, कमी कर रे. आण्णा झोपलेत."

थापणं थांबलं.

ती उंबऱ्यात आली. हाताला पीठ तसंच. माझ्याकडं बघत राह्यली.

"तू हाईस व्हय," म्हणाली.

मी मीच हाय, ह्याची मला एवढी लाज कधी वाटली नव्हती. मी पहिलं बटन मागं फिरवलं. तव्यावर भाकरी जळल्याचा वास सुटला, तरी ती जाग्यावरून हलली न्हाई.

आतून बाज करकरली. आण्णा भिंतीकडं तोंड करूनच बोलले.

"बंद काहून केलं? मी जागाच हाय. वाजू दे त्याला."

मावशी उंबऱ्यातच खाली बसली. मी बटन परत शेवटपर्यंत नेलं. मला चारच कॉर्ड येतात. तेच फिरून फिरून वाजवत राह्यलो, अन् कोणीच कमी कर म्हणलं न्हाई.