सतरा नंबरची नळी

मावशीचा जगात कुणावरही विश्वास नव्हता. शिंपी कापड चोरतो, दूधवाला पाणी घालतो आणि दवाखान्यात तर काय, कुणाचंही रक्त कुणाच्याही नावावर लावतात, हे तिचं ठाम मत. या मतापायी भाचीने आजवर कपाळावर हात मारून घेतला नाही असा आठवडा गेला नव्हता.

भाची प्रयोगशाळेत होती. गाठ वाढली की रक्तातलं एक प्रथिन वाढतं आणि औषध लागू पडलं की उतरतं, असा तिच्या सरांचा दावा होता. चाळीस रुग्णांवर तो पडताळून पाहणं चाललं होतं. मावशी त्यातली सतरा नंबर. दोन महिने तिचा आकडा इतका सुरेख उतरत होता, की सर दर मंगळवारच्या बैठकीत तिचाच आलेख पडद्यावर लावत आणि तासाच्या बैठकीचे तीन तास करत. आकडा उतरतोय म्हणून डॉक्टरांनीही कडक औषध लांबणीवर टाकलं होतं. बैठक संपली की भाची धावतपळत दवाखान्यात जाऊन बर्फाच्या डब्यातून नळ्या घेऊन येई.

या मंगळवारी सरांना सर्दी झाली, बैठक रद्द झाली आणि भाची लवकर पोचली. बाकीच्या एकोणचाळीस रुग्णांपैकी त्या दिवशी आलेल्या सगळ्यांच्या नळ्या बर्फात होत्या. सतरा नंबरची मात्र खिडकीत, उन्हात, पेनांच्या पेल्यात उभी होती.

"ही इथे का?" तिने विचारलं.

नर्स निवांतपणे म्हणाली, मावशींचं तसंच असतं. भाचीच्याच हातात द्यायची, डब्यात टाकायची नाही, म्हणून बजावून जातात. आणि रक्त काढल्याची वेळ? तीही भाचीच्या हातात नळी देतानाच लिहायची. म्हणजे कागदावर सगळं चोख.

भाचीच्या अंगाचा तिळपापड झाला. अर्ध्या तासात बर्फात गेलं नाही तर ते प्रथिन विरून जातं, हे भिंतीवर ठळक अक्षरांत लावलेलं होतं. दोन महिने उतरत होतं ते ऊन खाऊन उतरत होतं; बैठक जसजशी लांबत गेली तसतसं नळीला ऊन जास्त लागत गेलं. आणि ती स्वतः काय करत होती? त्याच आलेखाचं कौतुक ऐकत बसली होती. मावशीचा राग आला, नर्सचा आला, सरांचा आला आणि सगळ्यात जास्त स्वतःचा.

ती तडक बाहेर बाकावर बसलेल्या मावशीकडे गेली. "कुणी सांगितला होता तुला हा शहाणपणा?"

"दुसऱ्याची नळी माझी म्हणून लावली असती तर?" मावशी म्हणाली. "तुझ्या हातात पडली की मी निर्धास्त."

यावर भांडायचं तरी काय? भाचीने तिथल्या तिथे पुन्हा रक्त काढायला लावलं, नळी स्वतः बर्फात खोचली आणि प्रयोगशाळेपर्यंत जवळजवळ पळत गेली.

दुसऱ्या दिवशी ती आकडा घेऊन मावशीकडे आली. तो पहिल्या दिवशीच्या दुप्पट होता. डॉक्टरांनी कडक औषधाचा संमतीचा कागद सोबत दिला होता.

मावशीने चष्मा लावून आकडा पाहिला. "हा तरी खरा ना?"

"हा खरा."

भाची पुढच्या प्रश्नाची वाट पाहत राहिली. मशीन बिघडलं असेल, कुणी अदलाबदल केली असेल, काहीही. तिला भांडायला हवं होतं. मावशीने पेन मागितलं आणि कागद न वाचताच सही केली.