डिस्कचे पाच बोल्ट

मिस्त्रींनी पहिल्या बोल्टात पाना घातला आणि फिरवायच्या आधीच हात थांबवला. बोल्टाच्या डोक्यावरून डिस्कवर उतरणारी पिवळी रेघ मधोमध तुटली होती. वरचा तुकडा एकीकडे, खालचा दुसरीकडे, आणि मध्ये नखभर अंतर.

रेघ त्यांचीच होती. बोल्ट आवळून झाला की बारीक ब्रशानं त्याच्यावर रंगाची एक रेघ ओढायची, ही त्यांची चाळीस वर्षांची शिस्त. रेघ सलग आहे तोवर बोल्ट जागचा हललेला नाही, हे उभ्या उभ्या दिसतं. तुटली, तर बोल्ट ढिला होतोय म्हणून समजायचं. पण ही रेघ उलटीच तुटली होती. बोल्ट सुटण्याच्या नव्हे, आवळण्याच्या बाजूला सरकला होता. त्यांनी चाक सावकाश फिरवून पाहिलं. पाचही बोल्टांची तीच गत. आणि आपला आपण आवळला जाणारा बोल्ट अजून कुठल्या कारखान्यानं काढलेला नाही.

"काय झालं, काका?" बाकावर बसलेल्या नर्सनं विचारलं. दुचाकी तिची होती.

"काही नाही. चष्मा पुसतोय," मिस्त्री म्हणाले, आणि मग खरोखरच तो काढून पुसावा लागला.

नर्स घरोघर जाऊन आजाऱ्यांचं बघायची. कुणाचे टाके, कुणाचं इंजेक्शन, कुणाची नळी. सगळा दिवस चढ-उतारांवर जायचा, त्यामुळे पुढच्या ब्रेकची डिस्क झिजून पत्र्यासारखी झाली होती. नवी डिस्क सकाळीच आली होती. खोक्यात डिस्क होती, बोल्ट नव्हते. ते कंपनी वेगळे विकते, आणि ते परवा येणार होते.

"बाबा, जुने परत लावू नका हं," दुकानाच्या पुढच्या भागातून लेकीनं आवाज दिला. मिस्त्री तिला अजून चिमणी म्हणत. ही चिमणी बत्तीस वर्षांची होती आणि आख्खं इंजिन एकटी टेबलावर चढवायची. तीन वर्षांपासून गॅरेजचा कारभार तिच्याच हाती होता.

"का? गंजलेत का?"

"गंजलेले नसले तरी. एकदा खोलले की टाकायचे. पुस्तकात लिहिलंय."

"पुस्तक लिहिणाऱ्यानं कधी बोल्ट आवळलाय का, ते विचार आधी."

नर्स हसली. एरवी या वादात मिस्त्रींनाही मजा यायची. बापलेकीचं हे भांडण गिऱ्हाइकांना पाठ झालेलं होतं. नव्या बोल्टांच्या पेचांवर कंपनीनं निळं औषध लावलेलं असतं, ते सुकलं की बोल्ट धरून ठेवतं. एकदा खोललं की त्याचा भुगा होतो, आणि ताणलेलं लोखंडही दुसऱ्यांदा तितकं इमानदार राहत नाही, असं लेकीचं म्हणणं. मिस्त्रींचं म्हणणं असं, की पेच तारेच्या ब्रशानं घासा, बाटलीतल्या औषधाचा थेंब टाका आणि नीट आवळा. बोल्ट पुरा बसला की हाताला कळतं. ज्याच्या हाताला कळत नाही त्यानं खुशाल पुस्तक वाचावं.

"काका, मला उद्या सकाळी निघायचंय," नर्स म्हणाली. "टेकडीवरच्या आजोबांची नळी बदलायचीय. ते रात्रभर झोपत नाहीत त्या दुखण्यानं."

"संध्याकाळच्या आत गाडी तयार," मिस्त्री म्हणाले. "याच बोल्टांवर."

नर्सला फोन आला म्हणून ती बाहेर गेली. पुढे लेक बोल्टांसाठी दुसऱ्या दुकानदाराशी फोनवर हुज्जत घालत होती. मिस्त्री मागे एकटेच उरले.

त्यांनी पाचही बोल्ट काढले, फडक्यावर ओळीनं मांडले आणि घासायला घेतले. हात काम करत होते, पण डोकं त्या रेघेपाशीच अडकलं होतं. गेल्या महिन्यात दुसऱ्या एका गाडीवरही अशीच सरकलेली रेघ दिसली होती. तेव्हा त्यांनी आपल्याच ब्रशाला दोष दिला होता. आता मात्र इथे पाणी मुरत होतं हे उघड होतं. ही गाडी चाकाच्या बेअरिंगसाठी सहा महिन्यांपूर्वी आली होती, तेव्हा डिस्क खोलावी लागली होती. बोल्ट त्यांनी आवळले, रेघा त्यांनी ओढल्या, आणि ते घरी गेल्यावर कुणीतरी ते बोल्ट पुन्हा आवळले. गॅरेजच्या किल्ल्या बापलेकीकडेच होत्या.

त्यांना वाईट वाटलं. राग आला असता तर बरं झालं असतं, पण राग आला नाही, नुसतं वाईट वाटलं.

नवी डिस्क चाकावर बसवून त्यांनी एकेका बोल्टाला थेंब लावला आणि आवळायला सुरुवात केली. समोरासमोरचे, मग उरलेले, जसं नेहमी करतात तसं. मनगटाला ओळखीचा तो अटकाव लागला, की बस. पाचही झाले. त्यांनी ब्रश उचलला आणि परत ठेवला.

लेकीचा टॉर्क रेंच भिंतीवर टांगलेला असायचा. लांब दांड्याचा पाना. ठरवलेल्या जोरापर्यंत बोल्ट आवळला गेला की टक् असा आवाज करून सांगतो. मिस्त्री त्याला खुळखुळा म्हणत आणि हात लावत नसत. शेजारी लेकीच्या अक्षरातला कागद चिकटवलेला होता, कुठल्या बोल्टाला किती जोर ते सांगणारा. त्यांनी चष्मा नाकावर चढवून आकडा वाचला, दांड्याची मूठ फिरवून तो लावला आणि चाकाशी येऊन बसले.

पुरा आवळलेला बोल्ट असेल तर आवाज लगेच यायला हवा. मिस्त्रींनी दांडा ओढला. आवाज आला नाही, बोल्ट फिरला. आणखी फिरला. मग टक्. दुसऱ्याचंही तेच. तिसरा तर इतका फिरला, की मिस्त्रींनी हात आखडता घेतला. चौथा आणि पाचवा त्यांनी पाहिलाच नाही.

लेक दारात उभी होती. कधीपासून, कोण जाणे.

"किती दिवस झाले?" मिस्त्रींनी विचारलं.

तिनं आधी फोन खिशात ठेवला. "दोन वर्षं होतील."

"रोज?"

"ज्या दिवशी तुम्ही ब्रेकचं किंवा चाकाचं काम करता त्या दिवशी."

"आणि मला कळू दिलं नाहीस."

"तुमची बोटं बधिर होतात, बाबा. कप धरताना तुम्ही दोन्ही हात लावता. तुम्हाला वाटतं कुणाला दिसत नाही."

"मग तेव्हाच सांगायचं होतं की."

"सांगितलं असतं तर तुम्ही पाना खाली ठेवला असता. आणि घरी बसून काय केलं असतं?"

घरी बसून त्यांनी काय केलं असतं हे दोघांनाही चांगलं ठाऊक होतं. त्यांनी पाचही बोल्ट परत खोलले आणि एक एक करून भंगाराच्या डब्यात टाकले. शेवटचा टाकताना जरा वेळ हातात धरला, पण टाकला.

नर्स आत आली. "झालं का, काका?"

"नाही. परवा होईल. नवे बोल्ट आले की."

"पण तुम्हीच तर म्हणालात..."

"म्हणालो होतो. चुकलो." चाळीस वर्षांत गिऱ्हाइकासमोर हा शब्द त्यांनी बहुधा पहिल्यांदाच काढला असेल. "त्या उतारावर तुम्ही या बोल्टांवर जायचं नाही. हिच्या हातचं काम होऊ दे, मग न्या."

"अहो, पण आजोबांचं काय करू?"

मिस्त्रींनी खिशातून स्वतःची चावी काढली. "माझी गाडी घेऊन जा. बाहेर उभी आहे, निळी. परवापर्यंत मी चालत येईन, पोटही जरा कमी होईल."

नर्स नको नको म्हणाली, मग तिनं हात पुढे केला. चावी देता देता मिस्त्री थबकले. गेल्या महिन्यात त्या गाडीचं पुढचं चाक त्यांनीच खोललं होतं आणि त्यांनीच बसवलं होतं. स्वतःच्या गाडीवर रेघ ओढायची तसदी त्यांनी घेतली नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"थांबा जरा. चिमणे, रेंच घे. आधी माझ्या गाडीचे बोल्ट बघ."

लेक जागची हलली नाही. "त्याची गरज नाही."

"अगं, मी बसवलेत ते."

"माहितेय."

मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं. ती भिंतीवरचा कागद वाचत होती, जणू त्यावर आज काही नवीन लिहिलं होतं. मग ते स्वतःच रेंच घेऊन बाहेर गेले आणि निळ्या गाडीच्या पुढच्या चाकाशी उकिडवे बसले. पहिल्या बोल्टाला दांडा लावून जरासा ओढला. टक्. दुसऱ्याला लावला. टक्. बोल्ट केसभरही हलत नव्हता. पाचवा आवाज झाल्यावरही ते तसेच बसून राहिले.

लेक मागे येऊन उभी राहिली होती.

"हीसुद्धा?" मान न वळवता त्यांनी विचारलं.

"सगळ्यात आधी हीच," ती म्हणाली. "बाकीच्या गाड्या नंतर."

नर्सला काय चाललंय ते कळेना. ती एकदा बापाकडे, एकदा लेकीकडे पाहत राहिली.

"काका, गाडी ठीक आहे ना?"

मिस्त्री हँडलला धरून उठले. रेंच त्यांनी लेकीच्या हातात दिला आणि चावी नर्सच्या.

"न्या," ते म्हणाले. "बिनघोर न्या."