नवसीची जागा

पालघरच्या कामगार कार्यालयातल्या बाकावर सोमी इतकी अंग चोरून बसली होती, की शेजारी आणखी दोघी सहज मावल्या असत्या. घशाला कोरड पडली होती. पण पाणी प्यायचं म्हणजे मंगळ्याच्या समोरून जायला हवं, म्हणून ती तहान दाबून बसली.

मंगळ्या तिचा मुकादम. शेजारच्याच पाड्यावरचा. बोईसरच्या कारखान्यात खोकी भरायला लागणाऱ्या बाया तोच ठेकेदाराला आणून द्यायचा. तो बायांवर कधी ओरडत नसे. ओरडणाऱ्याला मनातल्या मनात शिव्या तरी घालता येतात, याचं सगळं काम गोडीगुलाबीनं. आज सकाळी येतानाही तो टमटममध्ये सोमीच्या शेजारी बसला, तिचं भाडं भरलं आणि हळूच म्हणाला, "सोमे, मी रोज चारला घरी जाते, एवढंच सांग. बाकीचं मी बघतो. नायतर दुसरीच्या कार्डावर मजुरी खाल्ली म्हणून तू आत जाशील. नवसीला पण नेतील, पोरासकट."

तेव्हापासून सोमी मनातल्या मनात तेच वाक्य घोकत होती.

नवसी तिची वहिनी, थोरल्या भावाची बायको. दोघी एकाच टेबलावर खोकी भरायच्या. पावसाळ्यात नवसी बाळंतपणासाठी घरी बसली, तेव्हा मंगळ्याच काळजीच्या सुरात म्हणाला होता, की जागा रिकामी दिसली तर दुसरी बाई घेतील. जागा धरून ठेवायची असेल तर घरातल्याच कुणीतरी नवसीचं हजेरीचं कार्ड चालू ठेवा. सोमीनं पुढचा-मागचा विचारच केला नाही. तिच्या पाड्यावर तसंच चालतं. आवणीच्या वेळी, भाताची रोपं लावायला, एका घरानं दुसऱ्या घराला एक माणूस कबूल केलं की मग सून गेली काय अन् नणंद गेली काय. घरचं माणूस आलं, विषय मिटला. चिखलात वाकलेल्या बाईला तिचं नाव कोण विचारतो? कारखान्यातही तसंच असेल असं सोमीला वाटलं, आणि तिथंच ती फसली.

सकाळी आठला ती स्वतःच्या कार्डावर आत जाई. दुपारी चारला मंगळ्या गेटवर तिच्या कार्डावर बाहेर पडल्याची नोंद करी आणि नवसीच्या कार्डावर आत आल्याची. सोमी जागची हलतच नसे. संध्याकाळी आठपर्यंत तिचे हात खोकी दुमडत राहात. वरच्या चार तासांचे साध्या दरानं पैसे मंगळ्या तिच्या हातावर ठेवी, आणि ही भोळी त्याचे उपकार मानी. घरी जाऊन भाकरी थापायलाही अंगात त्राण उरत नसे. पण नवसीची जागा शाबूत आहे, या समाधानावर तिचा दुसरा दिवस उजाडायचा.

मग त्याच टेबलावरच्या दीपिकानं तक्रार घातली. दीपिका चिंचणीची, तोंडानं फटकळ. "आठ तासांवर थांबवलं तर दुप्पट पगार द्यायला लागतो. कायदा हाय तसा," असं ती सगळ्यांना सांगत सुटली. कंपनीनं उत्तर दिलं, की आमच्याकडे आठ तासांवर कुणी थांबतच नाही, गेटची नोंद बघा. बाकीच्याही अशाच दुसरीच्या कार्डावर आठपर्यंत थांबायच्या, पण बोलायला कुणी तयार नव्हतं. आता दीपिकाची सगळी भिस्त सोमीवर होती.

"घाबरू नको गं," दीपिका तिच्या कानाशी लागली. "तू खरं बोललीस तर आमचं पण खरं ठरेल."

हिला सांगायला काय जातं? दीपिकाच्या घरी तान्हं पोर नव्हतं. सोमीला तिचा रागच आला.

तेवढ्यात मंगळ्या बाहेर गेला आणि परत आला तो नवसीला घेऊन. खांद्याशी झोळीत बाळ. सोमी पुढे सरकली.

"वयनी, तू कशाला आलीस?"

"मंगळ्यादादानं बोलावलं. संध्याकाळचे चार तास मी भरते, एवढं बोलायचं. मंग माझी जागा राहील म्हनला." नवसी हसली. तिला यात काही वावगं वाटतच नव्हतं. जागा घरची, तास घरचे.

सोमी काही बोलणार तोच आतून पुकारा झाला आणि सगळेच आत गेले.

टेबलामागच्या अधिकारी बाईंनी चष्म्यावरून नवसीकडे पाहिलं. "तुम्ही नवसी. रोज चार ते आठ कामाला असता?"

"हो बाय."

"पावसाळ्यापासून? एकही खाडा नाही?"

"नाय बाय." नवसीनं पढवलेलं धडाधडा म्हणून टाकलं. मंगळ्यानं सुटकेचा श्वास सोडला, आणि नेमकं तेव्हाच झोळीतलं बाळ रडायला लागलं. बाईंचा चेहरा जरा मऊ झाला.

"केवढं झालं बाळ?"

"गनपती बसायच्या आदल्या दिशी झाला," नवसी कौतुकानं म्हणाली. "सरकारी दवाखान्यात. लय त्रास दिला यानं."

बाईंनी समोरची हजेरी उलटून पाहिली, मग पुन्हा बाळाकडे पाहिलं. "त्या दिवशी तुम्ही आठपर्यंत खोकी भरलीत, असं इथे आहे. गणपतीची सुट्टी झाल्यावरही लगेच." त्यांचा आवाज बदलला होता. "इथे खोटं सांगितलं तर काय होतं, माहीत आहे?"

नवसीच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. तिनं मंगळ्याकडे बघितलं. मंगळ्या पंख्याकडे बघत होता. तिनं बाळाला घट्ट छातीशी धरलं, आणि ते पाहून सोमी कधी उभी राहिली ते तिचं तिलाच कळलं नाही.

"बाय, तिला काय करू नका. ते तास मी भरले. आठ माझ्या कार्डावर, वरचे चार तिच्या. बारा तास मीच." आता पोलीस येणार, असं सोमीनं धरूनच ठेवलं होतं. "चोरी नाय केली. तिची जागा जाईल म्हनून केलं. आत न्यायचं तर मला न्या."

"कुणालाही आत नेत नाही आम्ही," बाई म्हणाल्या. "कार्ड कुणाचं का असेना, काम तुम्ही केलंत. वरच्या तासांचा दुप्पट पगार तुम्हालाच मिळायला हवा. आणि कार्डं कुणी फिरवली, याचा जबाब कंपनी आणि ठेकेदार देतील."

दीपिकानं सोमीचा हात दाबला. सोमीचं लक्षच नव्हतं.

नवसीनं घाबरत विचारलं, "मंग माझी जागा गेली का बाय?"

"तुमची जागा? ती कशी जाईल?" बाईंना तिचा प्रश्नच कळेना. "कामाला लागून किती झालं तुम्हाला?"

"दोन वर्सं."

"मग बाळंतपणाची पगारी रजा आहे तुम्हाला. सहा महिन्यांची. तोवर कामावरून काढताच येत नाही. घरी बसून पगार मिळायला हवा होता तुम्हाला. कुणी सांगितलं नाही?"

सोमीनं आपल्या हातांकडे पाहिलं. खोक्यांच्या कडांनी बोटं चिरून चिरून काळी पडली होती. इतका वेळ दाबून ठेवलेलं रडू तिला आत्ता आलं, अधिकाऱ्यासमोर, सगळ्यांदेखत. ती मंगळ्याकडे वळली.

"दादा," ती म्हणाली, "तुला माहीत होतं?"

मंगळ्या पुन्हा पंख्याकडे बघू लागला.