चौथ्या खेपेची फी

सोमवारपर्यंत अठरा हजार भरले नाहीत तर सुधारानीची परीक्षेची तारीख हुकणार होती, आणि तारीख हुकली की लग्नही पुन्हा लांबणार होतं. परदेशात राहायचं तर इंग्रजीची परीक्षा हवी आणि बोलण्यात साडेसहा बँड, म्हणजे गुण, हवेतच, असं भालकीच्या तिच्या होणाऱ्या सासरच्यांनी ठरवून टाकलं होतं. "बँड आले की मुहूर्त काढू," असं म्हणून साखरपुडा उरकला, त्याला पावणेदोन वर्षं झाली. नवरा मुलगा प्रशांतकुमार मेलबर्नला. इकडे सुधारानी तीनदा हैदराबादला जाऊन परीक्षा देऊन आली आणि तिन्ही वेळा सहावर अडकली. अर्ध्या बँडापायी माणूस किती थकतं, हे बँड देणाऱ्यांना कुठून कळणार!

शनिवारी ती नेहमीप्रमाणे हुलसूरहून बस धरून बीदरला, नौबादच्या क्लासला गेली. कर्नाटकात बायकांना बसला पैसे पडत नाहीत, या सगळ्या शिक्षणात फुकट काय ते एवढंच. महेशकुमार सरांनी त्या दिवशी पैशांची क्रियापदं काढली होती. सेट असाइड, डिप इन्टू, फोर्क आउट, स्प्लॅश आउट. अट अशी की वाक्य स्वतःच्या घरातलं पाहिजे. तर ज्यांनी हुमनाबादच्या पलीकडचं जग पाहिलं नव्हतं, त्यांनीही सुट्टीत पॅरिसला जाऊन बक्कळ पैसे स्प्लॅश आउट करून, म्हणजे उधळून टाकले. सुधारानीनं पुस्तकातलंच वाक्य धडाधड म्हणून दाखवलं.

"हे घर कुनाचं गं?" सरांनी विचारलं. "पाठ केलेलं परीक्षकाला लगेच कळतंय. म्हनून तू सहावर बसायलीस."

ती वाद घालत बसली नाही. तेवढा जीव राहिला नव्हता.

रविवारी दुपारी वडिलांच्या किराणा दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून ती तिथंच वही घेऊन बसली. वडील प्रभुलिंग, तिचे अप्पा, कन्नड शाळेत सातवीपर्यंत शिकलेले. पण लेकीच्या वहीत डोकवायची हौस दांडगी.

"काय पाठ करायलीस? आमाला बी कळू दे."

"सेट असाइड म्हंजे पैसे बाजूला काढून ठेवनं. डिप इन्टू म्हंजे त्या ठेवलेल्यात हात घालनं. फोर्क आउट म्हंजे मनात नसताना पैसे मोजनं."

"मग ही तर आपल्या फ्रिजचीच गोष्ट झाली की!" अप्पा हसले, आणि हसता हसता थांबले.

दूध आणि थंड बाटल्या ठेवायच्या म्हणून दोन वर्षांपूर्वी त्यांनी दुकानाचा कोपरा मोकळा केला होता, प्लगही बसवून घेतला होता. फ्रिज काही आला नाही. कंपनीनं ते मॉडेलच बंद केलं, असं अप्पांनी घरात सांगितलं आणि सगळ्यांनी ऐकून घेतलं. सुधारानीनंही.

"कंपनीचं खोटं होतं व्हय, अप्पा?"

"सोड की. लेकीसाठी मनात नसताना कोन मोजतंय? ते शेवटचं आपल्याला लागू न्हाई." त्यांनी गल्ल्यातून पाकीट काढलं आणि तिच्या वहीवर ठेवलं. "उद्या भरून टाक."

तिला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. नुसती शरम वाटली, आणि शरमेच्या मागोमाग राग.

तेवढ्यात प्रशांतकुमारचा फोन आला. हा फोन दर रविवारी यायचा आणि सराव म्हणून दोघं इंग्रजीतच बोलायचे. तिकडचं हवामान, इकडचं जेवण, की झाला सराव.

आज ती हवामानावर थांबली नाही. दुकानामागच्या पोत्यांजवळ उभी राहून तिनं इंग्रजीत सगळं सांगितलं. वडिलांनी फ्रिजसाठी बाजूला काढलेले पैसे, त्यात तीन परीक्षांसाठी तीनदा घातलेला हात, घरच्यांना मारलेली थाप. चौथ्यांदा मी त्यांना पैसे मोजायला लावणार नाही, तुम्हाला मी हवी असेन तर आहे अशी घेऊन जा, हेसुद्धा सांगितलं. शब्द आपापल्या जागी येत गेले. तिला एकही शोधावा लागला नाही.

"अगं, केवढं फाडफाड बोललीस!" प्रशांतकुमार खूश झाला. "एकदा बी अडकली न्हाईस. परीक्षेत असंच बोल, सात बँड कुठं गेले न्हाईत."

आणखी काही म्हणेल म्हणून ती वाट पाहत राहिली.

"तारीख कोनती घेतलीस?"

"मी काय म्हनले ते ऐकलाव का?" तिनंही मराठीत विचारलं.

"ऐकलो की. डिप इन्टू तर एकदम बरोबर वापरलीस."

"मी परीक्षेला बसनार न्हाई. तुमच्या आईला सांगा."

मग त्यानं विचारलं, "कामून?"

कारण तिनं आत्ताच, एकही चूक न करता, त्याला सांगितलं होतं. तेच पुन्हा मराठीत सांगायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. तिनं फोन बंद केला.