आतली लायब्ररी

कॉम्प्युटरच्या पडद्यावर चित्राऐवजी लाल अक्षरांच्या चार ओळी आल्या. थेरपिस्ट प्रोग्रॅम बंद करायला गेली, तेवढ्यात काकांनी डावा हात पुढे करून तिचं मनगट धरलं. मग खुर्ची ओढून घेतली, नाकावर घसरलेला चष्मा वर केला आणि त्या ओळी वाचू लागले.

"पाणी हवंय त्यांना," शेजारच्या खुर्चीवरून काकू म्हणाल्या.

काकांनी मान हलवली. नाही.

"मग खिडकी लावू? ऊन येतंय ना डोळ्यांवर?"

तेही नाही. काकांचं बोट तिसऱ्या ओळीवर येऊन थांबलं होतं.

"जु..." ते म्हणाले. "जु..."

"जुना!" काकू म्हणाल्या. "जुना चष्मा. तरी मी सांगत होते, नंबर बदललाय म्हणून."

थेरपिस्ट हसली, पण तिने वहीत काहीच लिहिलं नाही.

आठ महिन्यांपूर्वी काकांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात बराचसा गेला आणि शब्द अडकायला लागले. समजायचं सगळं, वाचताही यायचं. फक्त मनातला शब्द तोंडाशी येता येता वाट चुकायचा. आणि घरात तर काकू होत्या. न्यायालयात एकतीस वर्षं त्यांनी लघुलेखिका म्हणून काढलेली. वकिलाने घसा खाकरला की वाक्य कुठे जाऊन टेकणार हे त्यांना आधी कळायचं, असं त्यांचे सहकारी म्हणत. नवऱ्याचं वाक्य पुरं करणं म्हणजे त्यांच्या डाव्या हातचा मळ. काकांनी नुसतं 'च' म्हणायचा अवकाश, चहा पुढ्यात. आल्यागेल्याशी, डॉक्टरांशी, फोनवर मुलीशी काकूच बोलायच्या आणि काका शेजारी बसून मान डोलवायचे. संसार सुरळीत चालला होता. थेरपिस्टला काकूंना काही सांगायचं होतं, पण त्यांची तळमळ बघून शब्द तिच्या ओठांवरून परत फिरायचे.

अठरा बैठका झाल्या होत्या, ही एकोणिसावी. विसाव्या बैठकीनंतर वाचोपचार केंद्राची समिती ठरवणार होती, पुढे चालू ठेवायचं की ही वेळ यादीतल्या दुसऱ्या कुणाला द्यायची. थेरपिस्टच्या वहीत सांगण्यासारखं काही नव्हतं.

आज तिची भिस्त या प्रोग्रॅमवर होती. तिच्या धाकट्या भावाने तो तिच्यासाठी लिहिला होता: पडद्यावर चित्र येतं, पेशंटने त्याचं नाव सांगायचं, नोंद आपोआप होते. नव्या आवृत्तीत पेशंटच्या घरचे फोटो घालायची सोय होती. काकू पेन ड्राइव्हवर चाळीस फोटो घेऊन आल्या होत्या. आणि नेमका आजच प्रोग्रॅमने दगा दिला.

तिने भावाला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. लाल ओळी वाचून दाखवल्या.

"ताई, तुझ्या कॉम्प्युटरवरची प्रोग्रॅमिंगची भाषा जुनी आहे," भाऊ म्हणाला. "नवी घालावी लागेल."

"मग घाल की."

"तुझा कॉम्प्युटर तिच्याहून म्हातारा. नवी भाषा त्यावर चढणारच नाही. नवा कॉम्प्युटर माग."

"इथे खुर्चीचं चाक मागितलं तर वर्ष लागतं."

"नाही," काका म्हणाले.

हे 'नाही' इतकं स्वच्छ आलं की दोघी त्यांच्याकडे वळल्या.

"भाषा... राहू दे," काका म्हणाले.

"ऐकलंस ना? राहू दे म्हणतायत," काकू म्हणाल्या. "उगीच तुला त्रास नको. आपण आपली जुनीच चित्रं घेऊ. छत्री, किल्ली, कात्री."

काकांनी टेबलावर हलकेच थाप मारली. मग डाव्या हाताने पेन उचललं आणि थेरपिस्टच्या वहीच्या कोपऱ्यात एक मोठा, वेडावाकडा चौकोन काढला. त्याच्या आत एक छोटा. छोट्यावर फुली मारली.

"आत. आतली... ला..."

"लाल?" काकू म्हणाल्या. "लाकडी? लांबट?"

"ला..."

काकूंनी तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. चौकोनाच्या आत काय असतं याची त्यांना काडीची कल्पना नव्हती. एकतीस वर्षांत खून, वाटण्या, घटस्फोट, अतिक्रमणं सगळं त्यांच्या हाताखालून गेलं होतं. हे कधीच आलं नव्हतं.

"लायब्ररी," काका म्हणाले.

"वाचनालय?" काकूंना हायसं वाटलं. "अहो, ते पुस्तक मी परवाच परत केलं! दंडही नाही बसला."

काका हसायला लागले. आधी खांदे हलले, मग आवाज आला, मग डोळ्यांतून पाणी. काकूंना कळेना काय झालं, पण त्यांनाही हसू आवरेना.

"एक मिनिट," फोनमधून भाऊ म्हणाला. "कोण बोलतंय?"

"माझे पेशंट."

"बरोबर बोलतायत ते. भाषेच्या सोबत डेटाबेसची एक लायब्ररी येते. म्हणजे एक फाइलच, नोंदी ठेवायचं आणि शोधायचं काम करणारी. तीच जुनी पडली असणार. भाषा तशीच ठेवून तेवढी फाइल नवी घालता येते, असं मी ऐकलंय. पण मी कधी केलेलं नाही हं."

"मी... केलंय," काका म्हणाले.

भावाला मीटिंग होती. तो गेला आणि खोलीत तिघंच उरली.

थेरपिस्टने माउसवर हात ठेवला, पण तो पुढे सरकेना. "काका, यात सोळा महिन्यांच्या नोंदी आहेत. ब्याण्णव माणसांच्या. कुणाला आधी काय बोलता येत नव्हतं, मग काय यायला लागलं, सगळं. हे गेलं तर मी तोंड दाखवू शकणार नाही कुणाला."

काकांनी दोन बोटं वर केली. "दोन."

काकूंचं 'दोन मिनिटं' जिभेवर आलं होतं. ते बाहेर पडायच्या आत काका म्हणाले, "प्रती."

नोंदींची एक प्रत पेन ड्राइव्हवर गेली, दुसरी स्वागतकक्षातल्या कॉम्प्युटरवर. दोन्ही उघडून, खालपर्यंत सरकवून बघेपर्यंत काकांनी तिला पुढे जाऊ दिलं नाही. मग "बंद," असं म्हणून सगळं बंद करायला लावलं. मग ते बोटाने दाखवत गेले आणि ती टिचक्या मारत गेली: या कप्प्यात, त्याच्या आत, त्याच्याही आत. एका फाइलवर बोट थांबलं.

"नाव... बदल."

"पुसू नको?"

"नाही!" त्यांनी पुढे वाकून स्वतः डाव्या हाताने एकेक कळ दाबत फाइलच्या नावामागे 'जुनी' असं जोडलं. चार कळांना एक मिनिट लागलं. कुणी घाई केली नाही.

काकू नवऱ्याकडे बघत होत्या. सकाळी साडेआठला डबा घेऊन हा माणूस कॉम्प्युटरच्या नोकरीवर जायचा आणि सहाला परत यायचा. "काय केलंत आज?" विचारलं की "काही नाही, नेहमीचंच," असं उत्तर यायचं. ते नेहमीचं म्हणजे हे होतं तर. भुवया जवळ आलेल्या, खालचा ओठ दातात धरलेला. समोरची मुलगी घाबरलेली, आणि हे मात्र भाजी निवडायला बसल्यासारखे निवांत. लग्नाला तेहेतीस वर्षं झाली होती. हा चेहरा ऑफिसातल्या लोकांनी रोज पाहिला असेल, असं मनात येऊन त्यांना त्या लोकांचा किंचित हेवा वाटला.

नवी फाइल इंटरनेटच्या एका पानावरून उतरवून जागेवर ठेवली. थेरपिस्टने प्रोग्रॅम सुरू केला.

लाल ओळी. या वेळी चार नव्हे, अकरा.

"आता तर जुनंसुद्धा चालत नाहीये," ती म्हणाली. तिचा आवाज चढला होता. दाराच्या काचेतून दिसत होतं, पुढचे पेशंट बाहेर बाकावर येऊन बसले होते. "काका, आपण राहू देऊ या का?"

काकांनी ओळी वाचल्या. कपाळावर हात मारून घेतला, पण चेहऱ्यावर हसू होतं. स्वतःचीच चोरी पकडल्यासारखं.

"बत्तीस," ते म्हणाले. "ही... बत्तीस. आपली... चौ..."

आता काकूंचा जीव टांगणीला लागला. मराठीत 'चौ'ने सुरू होणारे आकडे काय कमी आहेत! चौदा, चौतीस, चौपन्न, चौऱ्याहत्तर, सगळे जिभेवर गर्दी करून उभे राहिले आणि त्यांतला एकही पुढे ढकलायची त्यांची हिंमत होईना. चुकीचा दिला तर काकांचा बरोबरचा तिथेच हरवेल, हे त्यांना आज पहिल्यांदा जाणवलं. त्यांनी पदराचं टोक मुठीत धरलं आणि ओठ घट्ट मिटले.

"चौ... चौ..." काकांनी डोळे मिटले. उघडले. "चौसष्ट."

"बिट!" थेरपिस्ट जवळजवळ ओरडली. "फाइल बत्तीस बिटची उतरवली आपण. आपल्याकडची भाषा चौसष्टची, फाइलही तीच हवी!"

"हं."

चौसष्टची फाइल त्याच पानावर खालच्या ओळीत होती. ती उतरली, जागेवर बसली. काकांनी आधी प्रोग्रॅम उघडू दिला नाही; दोन ओळी टाइप करायला सांगून लायब्ररीचा आवृत्तीक्रमांक विचारून घेतला. पडद्यावर नवा आकडा आला. तो त्यांनी एकेक अंक करून मोठ्याने वाचला आणि मग मान डोलावली. आता.

पडद्यावर चित्र आलं. काकूंच्या गॅलरीचा कठडा आणि त्यावर शेजाऱ्यांची मांजर.

"हे काय आहे, काका?" थेरपिस्टने सवयीने विचारलं.

"चोरटी," काका म्हणाले.

"दूध पिते हो आमचं," काकूंनी खुलासा केला.

थेरपिस्टने एकदा जुन्या नोंदी उघडून बघितल्या. ब्याण्णवच्या ब्याण्णव जागच्या जागी होत्या. मग तिने खुर्चीला पाठ टेकली आणि वही पुढे ओढली. चौकोनाच्या शेजारी पेन्सिलीच्या बारीक रेघा होत्या, पाच-पाचच्या जुड्या.

"चोवीस शब्द," ती म्हणाली. "गेल्या वेळी चार होते. समितीला मी हे पानच दाखवणार आहे. पुढच्या बैठकांचं बघते मी, काळजी करू नका."

काकू पुढे झुकून बघू लागल्या. "यात 'जुना' आहे का?"

"नाही, काकू."

"मी सांगितलेले धरत नाहीस का तू?"

थेरपिस्टने पेन्सिल खाली ठेवली. "नाही धरत," ती हळूच म्हणाली.

काकूंनी पर्सची चेन उघडली, आत बघितलं, आणि काहीच न काढता लावून टाकली.

निघताना थेरपिस्टला आठवलं. "काका, लहान मुलांच्या खोलीतला आणि स्वागतकक्षातला, ते दोन्ही कॉम्प्युटर याच वयाचे आहेत. काय काय केलं ते लिहून द्याल?" बोलून झाल्यावर तिची नजर काकांच्या उजव्या हाताकडे गेली आणि ती ओशाळली.

"देतील की," काकू म्हणाल्या. "ते सांगतील, मी उतरवून घेईन."

दुपारी जेवणं झाल्यावर काकूंनी टेबल पुसलं, कोरी वही आणली आणि समोर बसल्या. काका खिडकीकडे तोंड करून बोलत होते. पहिल्या ओळीला सहा मिनिटं लागली. काकूंच्या उभ्या आयुष्यात एवढ्या सावकाश कुणी मजकूर सांगितला नव्हता. मधेच मुलीचा फोन आला. "तुझे बाबा कामात आहेत, नंतर तेच करतील फोन," असं सांगून त्यांनी ठेवून दिला. चहा झाला, निवला, त्यावर साय आली. सहा ओळी झाल्या तेव्हा ऊन टेबलाच्या पायांपर्यंत आलं होतं.

"सातवी आठवेपर्यंत वाचून दाखवू?" काकूंनी विचारलं.

काकांनी मान डोलावली.

काकू न्यायालयात वाचत तशा वाचू लागल्या, कुठेही चढउतार न करता. प्रती दोन काढ. सगळं बंद कर. बत्तीस की चौसष्ट ते बघ. पाचव्या ओळीपर्यंत काका डोळे मिटून ऐकत होते.

"सहा. कृपया जुनी फाइल पुसू नये."

काकांनी हात वर केला. काकू थांबल्या. काय चुकलं असेल याचे तीन-चार अंदाज त्यांना झटकन आले. ते त्यांनी येऊ दिले आणि जाऊ दिले.

"कृपया..." काका म्हणाले. "कृपया... मी... म्हणालो नाही."

काकूंनी पानाकडे बघितलं. शब्द तिथे होता, त्यांच्याच वळणदार अक्षरात.

"खरंच की," त्या म्हणाल्या आणि त्यावर एक रेघ ओढली.

"नये... पण."

"नये पण नाही?"

"नको."

'नये' खोडून त्यांनी 'नको' लिहिलं आणि वाचलं, "जुनी फाइल पुसू नको."

"हं," काका म्हणाले. "आता... सात." आणि खिडकीबाहेर बघत शब्द शोधू लागले.

काकूंनी पेन कागदावर टेकवलं नाही. नुसतं धरून ठेवलं.