बुवांच्या गाडीचं मागचं सीट

दर्शनानं गाडीचं मागचं सीट काढलं तेव्हा तिच्या डोळ्यांपुढं शर्यत होती, माझी कंबर नव्हती. मी लवू, मनमोहनबुवांचा पेटीवाला. सव्वीस वर्षं बुवांच्या कीर्तनात पेटीवर बसतोय आणि गेली नऊ वर्षं त्यांच्या छोट्या हॅचबॅकच्या मागच्या सीटवर, पेटी शेजारी ठेवून, मुंबईभर हिंडतोय. त्या शनिवारी दुपारी लालबागला चाळीखाली गाडीचं मागचं दार उघडलं, तर आत नुसता पत्रा. त्यावर सतरंजीची घडी.

"सीटला ढेकूण झाले होते, काका," दर्शना मला म्हणाली, पण बुवांना ऐकू जाईल अशा बेतानं. "धुवायला टाकलंय."

खरं काय ते मला ठाऊक होतं. बुवांची ही एकुलती एक मुलगी लिफ्टच्या कंपनीत इंजिनीअर. सर्व्हिसिंगला म्हणून गाडी दोन महिने रे रोडला तिच्या मित्राच्या, धनेशच्या गॅरेजात होती. तिथं दोघांनी इंजिन पार उघडलं. कॅमशाफ्ट बदलला, हेड घासून घेतलं, फ्लायव्हील तासून हलकं केलं आणि गिअरबॉक्समध्ये आखूड गिअर बसवले. म्हणजे वरचा वेग थोडा गेला, पण उसळी अशी आली की धनेश म्हणे, डोकं मागं आपटतं. शिवाय वजन उतरवायचं म्हणून सीट गेलं, खालचा गालिचा गेला, स्टेपनी गेली. रविवारी सकाळी पुण्याच्या अलीकडे एका खासगी ट्रॅकवर घड्याळ लावून गाड्या पळवायच्या होत्या आणि दर्शनानं नाव घातलं होतं. अडचण एकच. गाडी बुवांच्या नावावर. मालकाच्या सहीचं संमतिपत्र असल्याशिवाय गेटातून आत घेणार नव्हते, आणि मालकाला यातलं काहीच माहीत नव्हतं.

गाडी सुरू झाली तशी अख्खी थरथरायला लागली. बुवा पुढं बसले होते. त्यांनी गाडीला दमा झालाय का म्हणून विचारलं. दर्शना म्हणाली, सायलेन्सरला भोक पडलंय. भायखळ्याच्या सिग्नलला गाडी बंद पडली तेव्हा पेट्रोलात कचरा निघाला. जे.जे.शी पुन्हा बंद पडली, तेव्हा तिच्याजवळची कारणं संपली असावीत, कारण ती हवेबद्दल काहीतरी बोलली. बुवा हूं हूं करत पूर्वरंगाचा अभंग गुणगुणत राहिले. मी मागं पत्र्यावर प्रत्येक खड्डा मोजत होतो.

आता पापातला माझा वाटा सांगतो. कीर्तनाची दोन अंगं. पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान. मध्ये बुवांना हार घालायचा, बुक्का लावायचा. गिरगावातल्या या वाडीतल्या राममंदिरात त्याच वेळी बुवांपुढं देवळाची वही येते आणि त्यात ते सही करतात. चष्मा तोवर झोळीत गेलेला असतो. मी बोट ठेवीन तिथं बुवा डोळे झाकून सही करतात, सव्वीस वर्षं करत आलेत. तर वहीखाली संमतिपत्र सरकवायचं आणि दुसऱ्यांदा बोट ठेवायचं, एवढंच माझं काम होतं. मी दोन दिवस नाही म्हटलं. पण या पोरीला मी पाळण्यात सा शिकवलाय, तिला नाही म्हणणं मला कधी साधलं नाही.

पूर्वरंग फार सुरेख रंगला. मध्यंतरात दर्शनानंच वडिलांना हार घातला. एरवी ती मागं उभी राहून झांज धरते. वही आली, पहिली सही झाली. मी कागद पुढं केला, बोट ठेवलं. पेन टेकलं आणि थांबलं. बुवांनी कागद माझ्या हातून घेतला आणि हात लांब केला. जवळचं दिसत नसलं तरी हातभरावरचं त्यांना स्वच्छ दिसतं, हे आम्हा दोघांपैकी एकालाही सुचलं नव्हतं. त्यांनी सगळं वाचलं, कागदाची घडी केली, कमरेला खोचली आणि चिपळ्या उचलून उभे राहिले.

ठरलेलं आख्यान बाजूलाच राहिलं.

बुवा म्हणाले, एक राजा होता. म्हातारा, साधा. त्याचा एक लहानसा रथ होता, त्यातून तो देवळात जायचा. एके दिवशी त्याच्या मुलीनं तो रथ डागडुजीला म्हणून नेला. परत आला तेव्हा रथातली मखमली बैठक नाहीशी झालेली. का, तर म्हणे ढेकूण. सभा हसली. घोड्यांना तिनं काय खाऊ घातलं होतं कोण जाणे, उभे राहीनात. थांबवले तर थरथरायचे, हलके हाकले तर मटकन बसायचे. आणि रथात मागं एक म्हातारा सेवक पत्र्यावर आपटत चाललेला. त्याला सगळं ठाऊक, पण तोंडात मिठाची गुळणी. तबल्यावर मयूर होता, त्याला हसू फुटून सम चुकली. माझे कान तापले. मागची झांज मंद होत होत गप्प झाली.

"मग राजानं मुलीला विचारलं," बुवा म्हणाले, "बाळ, एवढं सगळं केलंस, मला का नाही विचारलंस? आता सांगा, काय म्हणाली असेल ती?"

बुवा असे प्रश्न सभेला नेहमी टाकतात आणि लोक हौसेनं उत्तरं देतात. कुणी म्हणालं घाबरली असेल. बुवांनी मान हलवली, ही मुलगी वाघाच्या नाकात तपकीर कोंबील, घाबरतेय कसली. मग ते सावकाश मागं वळले आणि दर्शनाकडं बघत उभे राहिले. नारदाच्या गादीपुढं, म्हणजे कीर्तनात, खोटं बोलायचं नाही, हे त्यांनीच तिला लहानपणी शिकवलेलं. मी सूर धरून ठेवला. दुसरं काय करणार.

दर्शनानं झांज खाली ठेवली. "विचारलं असतं तर राजा नाही म्हणाला असता," ती म्हणाली. "आणि तो एकदा नाही म्हणाला असता, तर तिला ते मोडता आलं नसतं."

बुवा पुढं वळले आणि नुसत्याच चिपळ्या वाजवत राहिले. सव्वीस वर्षांत त्यांना पुढचं वाक्य सुचलं नाही असं मी पहिल्यांदा बघत होतो. पहिल्या रांगेतल्या गंगुबाईंना राहवेना. त्यांनी विचारलं, मग राजा काय म्हणालो?

"राजा विचार करतोय," बुवा म्हणाले.

"विचार कसलो करता? आधी रथात बसान बघूक व्हया."

त्यावर सभा अशी हसली की आख्यान तिथंच आवरून आरती घ्यावी लागली.

बाहेर आल्यावर बुवांनी किल्लीसाठी हात पुढं केला. "कागदावर लिहिलंय, गाडीत केलेले बदल मला माहीत आहेत," ते म्हणाले. "मला माहीत नाहीत. खोट्याखाली मी सही करत नाही. बस शेजारी आणि सांग."

गिरगावातून बाहेर पडेपर्यंत गाडी चारदा बंद पडली. मागं भोंग्यांचा गजर. आयुष्यभर दुसऱ्यांची लय सुधारणाऱ्या माणसाला क्लच आणि ॲक्सिलरेटरची लय सापडेना, हे बघताना मला झालेला आनंद देव माफ करो. दर्शना समजावत होती, हलकं फ्लायव्हील मऊ बोललेलं ऐकत नाही, आधी इंजिनाचा आवाज चढवा, मग पाय सोडा. बुवा एकेक गोष्ट विचारत होते. कॅम म्हणजे काय, हेड घासून काय मिळालं, गिअर आखूड का. ती सांगत होती आणि तिचा आवाज हळूहळू मोकळा होत होता.

गोदीकडचा रस्ता लागला. शनिवारची संध्याकाळ, ट्रक कडेला झोपलेले, पुढं सरळ मोकळं. "आता दुसरा टाका," दर्शना म्हणाली, "आणि दाबा."

बुवांनी दाबलं. मी सतरंजीसकट डिकीच्या दाराला जाऊन चिकटलो. पुढं काय दिसत होतं ते मला कळलं नाही, पण बुवांचं हसणं ऐकू आलं. तसं हसणं मी त्यांचं गादीवर किंवा गादीबाहेर कधी ऐकलेलं नव्हतं.

रे रोडच्या पुलाजवळ त्यांनी गाडी कडेला घेतली, कमरेचा कागद काढला, माझी पेटी मागून घेतली आणि तिच्या झाकणावर कागद ठेवून ठसठशीत सही केली. दर्शनानं वाकून नमस्कार करायचा प्रयत्न केला, पण पट्टा लावलेला होता. मग तिनं नुसताच त्यांचा दंड घट्ट धरला. मी म्हटलं, बुवा, चला आता, घरी चहा होऊ दे, माझी कंबर गेली.

बुवांनी आवाज चढवला, पाय सोडला, आणि या वेळी गाडी बंद पडली नाही. कॉटन ग्रीनच्या वळणाला घर डावीकडे होतं. बुवा सरळ गेले.