माझ्या पोटातला मंगरूचा आवाज

मित्रांनो, भूपेशची एक खोड मला कधी पटली नाही. फुकट म्हटलं की त्याचं बोट पुढं आणि डोकं मागून.

मी एक जुना मोबाईल आहे, एकोडीच्या बेबीबाईच्या घरचा. कोपरा फुटका, पण पडदा मोठा. मोबाईलच्या दुकानदारानं सारं पुसल्यापासून माझ्या पोटात काही उरलं नाही. सांगतो ते घरच्यांच्या तोंडून ऐकलेलं.

बेबीबाईला वाचता येत नाही. म्हणून तिचा नवरा मंगरू तलावावर मासे धरता धरता बोलका निरोप धाडायचा, "बेबे, मसाला वाट. मरळ भेटली." मंगरू तापानं गेला, निरोप माझ्यात राहिले. बेबीबाई पाट्यावर बसली की मला शेजारी ठेवून तेच ऐकायची. तेव्हा मला घरात मान होता.

आमच्याकडे धानाची रोवणी संपली की रोवणाऱ्या बायांना जेवण असतं. मागच्या साली बेबीबाईच्या लेकानं, भूपेशनं, जेवणानंतर भिंतीवर पिक्चर दाखवला. यंदा रोवणाऱ्यांतल्या रुखमिणीनं बांधावरूनच बजावलं, "पयला भाग दाखवून आमाले अधांतरी ठेवलं तू. दुसरा नाही दावला तं पुढच्या साली तूच रोव."

दुसरा भाग अजून टॉकीजमध्येच होता. जेवणाच्या दिवशी सकाळी भूपेशनं तो माझ्यावर चोरीच्या साइटवर शोधला. साइट म्हणाली, आधी ॲप घ्या, मग फोटो पाहू द्या, निरोप पाहू द्या. हा होय होय दाबत गेला. पिक्चर आलाच नाही. मला कुलूप लागलं आणि बेबीबाईच्या नावानं गावभर घाणेरडे फोटो गेले.

साकोलीचा दुकानदार म्हणाला, "सारं पुसून टाका लागन. काही वाचवाचं असन तं उद्यापर्यंत ठेव, पाहतो."

"काही नाही, आताच पुस," भूपेश म्हणाला. "बाया जेवाले येऊन राहिल्या."

संध्याकाळी अंगणात पंगत बसली होती. बेबीबाईनं मला उचललं, मंगरू असायचा तिथं बोट दाबलं. पुन्हा दाबलं. मला काही वाटलं नाही. वाटायला आत काही नव्हतं.

मित्रांनो, चोरीच्या दारात पिक्चर मागू नका. आणि मोबाईल पुसायला देण्याआधी घरच्या म्हातारीला विचारा, आत कोण आहे.

भूपेशनं दुकानातलं सारं सांगितलं. बेबीबाई रडली नाही. भाताचं भांडं कमरेवर घेऊन म्हणाली, "तुह्या बापाचा आवाज होता त्याच्यात. तुले एका दिवसाचाही धीर नव्हता. जा, बायांले सांग पिक्चर नाही. आन् काहून नाही, तेही तूच सांग."